मीटरला पटेल असा फ्लॅश

सोमवार, ३ नोव्हेंबर

बाबांनी आज आमच्या जुन्या फ्लॅशला निकालात काढलं. काउंटरवर ठेवला, दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "याच्यात आता दम नाही. शाळेच्या कामाआधी नवा घे." जसा काही तो मीच म्हातारा केला.

मूळ दुखणं गेल्या वर्षीचं. शाळेच्या वार्षिक फोटोंचं काम सत्तावीस वर्षं आमच्याकडे आहे. साडेसहाशे मुलं, प्रत्येकाचा एकेक फोटो, वर्गांचे गटफोटो वेगळे, आणि सगळं एका दिवसात, त्या अंधाऱ्या सभागृहात. गेल्या वर्षी दुपारनंतरच्या चार वर्गांची तोंडं पिठात बुडवून काढल्यासारखी पांढरीफटक आली. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, की पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं तर काम चौकातल्या नव्या स्टुडिओला जाईल. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाबांनी निदान केलं की फ्लॅश बेभरवशाचा झालाय, कधी जास्त उजेड टाकतो, कधी कमी. आणि बाबा म्हणाले म्हणजे विषय संपला.

हे काम गेलं तर स्टुडिओ बंद. ओळखपत्राच्या फोटोंवर कोणाचं शटर उघडं राहत नाही. मग मी एकेचाळिसाव्या वर्षी कोणाच्या तरी झेरॉक्सच्या मशीनपाशी उभी राहणार आणि बाबा तिथे येऊन म्हणणार, कागद वाकडा ठेवलास.

शाळेचा दिवस अठरा तारीख. फ्लॅश स्वस्तातलाच घ्यायचाय, कारण महागातला परवडत नाही. त्यावर आणखी शाई घालवत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कॅमेऱ्याच्या दुकानदाराला सगळे "गॅरंटी" म्हणतात, कारण तो ती कशाचीही देतो, फक्त लेखी देत नाही. स्वस्तातले फ्लॅश दाखवा म्हटलं तर त्याने एकदम चार खोकी समोर मांडली.

"ताई, चारही घेऊन जा. वापरून बघा. आवडेल तो ठेवा, बाकीचे परत आणा. गॅरंटी."

"आणि एकही चालला नाही तर?"

"चालणारच."

"नाहीच चालला तर?"

"तर मग गॅरंटी आहेच की!"

या माणसाशी पाच मिनिटं बोललं की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. चार खोक्यांवर एकच आकडा छापलाय, चौघेही तेवढ्याच ताकदीचे असल्याचा दावा. एकजण तरी खोटं बोलतोय. बहुतेक चौघेही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दोन दिवस चाचण्या चालू आहेत. चौघांना नावं ठेवलीत, कारण खोक्यावरची नावं आणि आकडे लक्षात राहत नाहीत.

पहिला खोकला. उजेड भरपूर, पण एकदा उडाला की पुन्हा तयार व्हायला पाच सेकंद घेतो आणि तेवढा वेळ घशात काहीतरी अडकल्यासारखा घरघरतो. पाच सेकंदांत शाळकरी मूल तीन वेळा जीभ बाहेर काढतं. दुसरा साहेब. मान सगळीकडे वळते, मागे छान छोटा पडदा, बटणं चौदा. त्यातलं एक दाबलं की बाकीची तेरा ऐकत नाहीत. तिसरा निळू, त्याच्या उजेडात धडधाकट माणूससुद्धा बर्फाच्या पेटीतून काढल्यासारखा दिसतो. चौथा शिपाई. दिसायला ठोकळा, वजनाला दगड, बटणं मोजून चार. पण कॅमेऱ्यावर बसवायचा पाय धातूचा आहे (बाकीच्यांचा प्लास्टिकचा, एका धक्क्यात मोडेल) आणि दोन सेकंदांत पुन्हा सज्ज. एकच खोड: पूर्ण ताकदीने लागोपाठ तीसेक वेळा उडवला की तापून संप करतो. पाव ताकदीवर मात्र दिवसभर कुरकुर नाही.

तर माझ्या मते शिपाई. पण माझ्या मताला इथे विचारतो कोण?

धंद्यातले लोक बाबांना "मीटर" म्हणतात. उजेड मोजायचं यंत्र त्यांनी आयुष्यात हातात धरलं नाही. खोलीत यायचं, भिंतीकडे बघायचं, आकडा सांगायचा. दुसऱ्या स्टुडिओतले लोक अडले की यांना घेऊन जायचे. मी एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली आहे आणि अजूनही बटण दाबायच्या आधी माझी मान आपोआप वळते, "बाबा, किती?" ते म्हणतात "पाव", मी पाव लावते. शिवाय आमच्या कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावलेली असते. असा स्टुडिओ जगात दुसरा नसेल. "तो पडदा खोटारडा," बाबांचं म्हणणं. "उन्हात एक सांगतो, सावलीत दुसरं. प्रिंट बघ." फ्लॅशला स्वतःच उजेड ठरवू देणं तर आमच्याकडे चोरी केल्यासारखं आहे.

म्हणून मी स्टुलावर उशी ठेवली, तिला नवऱ्याची टोपी घातली, चारही फ्लॅशनी पाव ताकदीवर फोटो काढले, प्रिंट काढले आणि बाबांपुढे ठेवले.

बाबांनी पहिला प्रिंट नाकाजवळ नेला, लांब धरला. "काळोख आहे."

दुसरा. "काळोख."

तिसरा, चौथा. काळोख, काळोख.

"बाबा, अहो उशीची शिवणसुद्धा दिसतेय!"

"मग सांग ना, काय काय दिसतंय तुला? नीट सांग. डावीकडून सुरू कर."

मी सांगितलं. टोपीचा काठ, सावली, शिवण, मागचा पडदा. ते डोळे मिटून ऐकत होते, तोंडी परीक्षा घेणाऱ्या मास्तरांसारखे. एकेचाळीस वर्षांची झाले तरी माझी परीक्षा संपत नाही.

"हं," म्हणाले. "तुला जे दिसतं ते पुरेसं नाही."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज अर्धी ताकद लावून पुन्हा सगळं. माझ्या मते सगळे प्रिंट भडक. बाबांच्या मते "कालच्यापेक्षा बरे, तरी काळोखच".

मला राग कशाचा आला सांगू? निळूच्या निळेपणाबद्दल चकार शब्द नाही. ज्या माणसाने एकदा एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर बोटाएवढी हिरवी झाक आली म्हणून पन्नास प्रिंट फाडून टाकले होते, त्याला निळंशार तोंड खटकलं नाही. म्हणजे हे बघतच नाहीयेत. मी आणलेली वस्तू वाईटच, एवढं ठरवून बसलेत. महागातला आणला असता तर त्यातही काळोख सापडला असता.

रविवार, ९ नोव्हेंबर

नवऱ्याला सुट्टी म्हणून उशीच्या जागी त्याला बसवला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे अंधारात, अडचणीत, न हलता बसायची त्याला सवय आहे. तीन तासांत एकदाही कुरकुरला नाही. उशीपेक्षा सरस.

मधे बाबा चहा घेऊन आले. तेवढं मात्र अजून स्वतः करतात. नवऱ्याच्या कपात ओतताना निम्मा चहा बशीत आणि थोडा टेबलावर. मी म्हटलं, "बाबा, लक्ष कुठे आहे?" ते म्हणाले, "तुझ्या त्या भिकार फ्लॅशवर."

नंतर नवरा हळूच म्हणाला, "बाबा हल्ली कपाच्या बाहेर ओततात, बघितलंस?"

"चिडले की ओततात."

"परवाही ओतला. परवा कुठे चिडले होते?"

"परवा ते माझ्यावर चिडले होते. ते रोज चिडलेले असतात. तू लिफ्टमध्ये असतोस, तुला काय माहीत!"

तो गप्प बसला. त्याचा हा गुण चांगला आहे. कधी कधी त्याचाच राग येतो.

आता सकाळचा पेपरही मलाच मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. कारण काय, तर माझे उच्चार सुधारावेत म्हणून. गिऱ्हाईक समोर उभं आणि मी अपघातांच्या बातम्या वाचतेय!

सोमवार, १० नोव्हेंबर

साहेब गेला.

मी दोन स्टँड लावले होते, एकावर शिपाई, एकावर साहेब. बाबा आतल्या खोलीतून आले आणि सरळ साहेबाच्या स्टँडवर जाऊन आदळले. स्टँड काही लपून बसला नव्हता. चांगला माणसाएवढा उंच, त्यांच्या उजव्या हाताला. साहेब डोक्यावर पडला, मान तुटली, आत काहीतरी खुळखुळायला लागलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, तुम्हाला नकोच आहे ना नवा फ्लॅश? मग सरळ सांगा. असा पाडू नका!"

"रस्त्यात कोण ठेवतं स्टँड? मी चाळीस वर्षं इथून चालतो. माझ्या पायांना पाठ आहे ही खोली. वस्तू हलवायच्या असतील तर मला विचारत जा."

गुडघा खरचटला होता. मलम लावायला गेले तर हात झटकला. मग मीही दिवसभर बोलले नाही. गॅरंटीला फोन केला. तो म्हणाला, "पडण्याची गॅरंटी नसते, ताई." साहेब आता आमचाच.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज एक मूर्खपणा केला.

सकाळी चौदा प्रिंट पुन्हा दाखवले. चौदाच्या चौदा काळोख. माझ्या डोळ्यांना ते स्वच्छ दिसत होते. ज्या माणसाचा आकडा कधी चुकला नाही तो म्हणतोय काळोख, आणि मला दिसतोय उजेड. मग कोणाच्या डोळ्यात खोट असणार? दुपारी स्टुडिओ बाबांवर सोपवला आणि गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले.

त्यांनी अक्षरं वाचून घेतली, डोळ्यात थेंब घातले, कसला तरी फुंकर मारणारा पंप डोळ्यावर सोडला. म्हणाल्या, "तुमचे डोळे तुमच्या वयापेक्षा चांगले आहेत. तक्रार काय आहे?"

काय सांगणार, की वडिलांना माझे फोटो आवडत नाहीत?

"घरात कोणाला काचबिंदू वगैरे?"

"छे. माझ्या वडिलांचे डोळे म्हणजे मीटर आहेत. अख्खं गाव त्यांना विचारून फोटो काढतं."

"वय काय त्यांचं?"

"एकाहत्तर."

"मग एकदा घेऊन या. डोळ्यातला दाब वाढलेला कळत नाही. कडेचं दिसणं आधी जातं, समोरचं राहतं. माणूस चालवून घेतो आणि घरच्यांना वाटतं वयामुळे धांदरटपणा आलाय."

संध्याकाळी बाबांना सहज म्हटलं, एकदा दाखवून येऊ या का? उसळलेच. "माझे डोळे तपासणारा डॉक्टर अजून जन्माला यायचाय!" मीही विषय सोडला. माझे डोळे ठीक निघाले, म्हणजे खोट नजरेत आहे, आणि ती काही डोळ्यात थेंब घालून सुधारत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

खोकला आणि निळू परत केले. गॅरंटीने विचारलं, काय खराबी आहे? मी म्हटलं, काळोख आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज बाबा "छान" म्हणाले.

पुन्हा लिहिते, कारण एकोणीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून माझ्या कामाबद्दल ऐकलेला नाही. "चालेल" ऐकलाय. "ठीक" दोनदा. "छान" कधीच नाही.

झालं असं, की शिपायाचा संप किती वेळ टिकतो ते बघायला मी त्याला पूर्ण ताकदीवर ठेवला होता आणि नंतर ताकद उतरवायला विसरले. त्याच ओघात नवऱ्याचा एक फोटो काढला. प्रिंट आला तर नवरा उकडलेल्या अंड्यासारखा. नाक जवळजवळ नाहीसंच. टोपलीत टाकायला निघाले तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. द्यावा लागला.

त्यांनी तो खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला. आणि इतकं मऊ बोलले, की मला आधी कळलंच नाही ते माझ्याशी बोलताहेत. "हा छान आहे. बघ, माणूस कसा समोर आला. आता जमलं तुला."

मी म्हणणार होते, बाबा, याला नाक नाहीये. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोक्यावर म्हणजे अर्धा कानावर पडला, पण ठेवला.

मग मी पुन्हा प्रिंट बघितला. हल्ली सगळीकडे असेच गोरेगोमटे, भिंत दिसेनाशी झालेले फोटो असतात. चौकातला नवा स्टुडिओही असेच काढतो. बाबा काळाच्या पुढे बघत असतील आणि मीच जुन्या सावल्या धरून बसले असेन. असू शकतं. नवऱ्याला दाखवला तर तो म्हणाला, "हा कोण?" त्याला फोटोतलं काय कळतंय?

शिपाई ठेवला. पूर्ण ताकद. बाबांनीच सांगितलंय.

सोमवार, १७ नोव्हेंबर

उद्या शाळा. शिपायासाठी सेलचे आठ संच भरले. तापला तर दहा मिनिटं विसावा द्यायचा, तोवर गटफोटोसाठी मुलांना उभं करायचं. बाबा दोन वेळा विचारून गेले, पूर्ण ताकद आहे ना? तिसऱ्या वेळी मी "हो!" इतक्या जोरात ओरडले, की समोरचं गिऱ्हाईक दचकलं आणि त्याच्या ओळखपत्रावर आता कायमचा दचकलेला चेहरा राहणार.

बुधवार, १९ नोव्हेंबर

कालचं सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

शाळेच्या पायऱ्या चढताना बाबांनी माझा दंड धरला. "तू घसरशील," म्हणाले. पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या. मला बरं वाटलं. "छान" झाल्यापासून मला सगळंच बरं वाटत होतं.

सभागृहात स्टूल मांडलं, मागे पडदा लावला. मी विचारलं, "बाबा, किती?" ते म्हणाले, "पूर्ण." पहिले दोन वर्ग झरझर झाले. त्र्याऐंशी मुलं. शिपाई मधे दोनदा तापला, मी दोनदा थांबले, मुलांनी तेवढ्यात एकमेकांच्या कॉलरी ओढल्या. तिसऱ्यांदा तापला तेव्हा कितवा फोटो झाला ते बघायचं होतं, कारण एका मुलाचा क्रमांक निसटला होता. तो आकडा स्क्रीनवरच दिसतो. म्हणून मी चिकटपट्टी उचकटली.

सगळं पांढरं. एकामागून एक. मुलांना भुवया नाहीत, नाकं नाहीत, नुसते केस आणि दात. त्र्याऐंशी उकडलेली अंडी गणवेश घालून बसलेली. गेल्या वर्षीचेच चेहरे, फक्त यंदा सकाळपासून. तरीही, देवाशपथ, पहिला विचार हा आला की स्क्रीन खोटारडा असेल. एकोणीस वर्षांची शिकवण.

बाबा खुर्चीवर बसले होते. कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. घाईत फोटो मागे मागे नेताना बटण जास्त दाबलं गेलं आणि अगदी पहिला फोटो समोर आला. कोणी बसायच्या आधी मी चाचणीचा काढलेला. रिकामं स्टूल.

मी बदलणार, तेवढ्यात बाबा बोलले. चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ नेऊन, कौतुकाने.

"गोड आली आहे पोरगी. हनुवटी जरा वर हवी होती, एवढंच."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण बाबा कामावर थट्टा करत नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे. कपाबाहेरचा चहा, स्टँड, निळूचं निळं तोंड, पेपर, "तू सांग काय दिसतंय", कानावर पडलेला हात, सगळं एकदम अंगावर आलं. गाढव मी! स्वतःचे डोळे तपासून आले.

समोर तिसऱ्या वर्गाची चाळीस मुलं रांगेत. त्यांच्या बाई म्हणाल्या, "सुरू करायचं का?"

"बरं बाबा," एवढंच मी म्हणाले. स्टुलापाशी आले, शिपायाची ताकद पूर्णवरून पाववर आणली. न विचारता. आयुष्यात पहिल्यांदा. एक मुलगी येऊन बसली, मी बटण दाबलं.

फ्लॅश पुन्हा भरताना बारीक शिट्टी वाजते. पूर्ण ताकदीला लांब, पावला अगदी तोकडी. ती तोकडी शिट्टी वाजली आणि बाबांची मान वर झाली.

"कमी केलास."

"हो."

"किती?"

"पाव."

मी आणखी तीन मुलं घेतली. तोकडी शिट्टी, तोकडी शिट्टी, तोकडी शिट्टी. मग ते उठले, भिंतीला हात लावत माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "मग मघाचे दोन वर्ग पुन्हा घ्यावे लागतील."

"घ्यावे लागतील."

"आणि गेल्या वर्षीच्या त्या फ्लॅशला काही झालेलं नव्हतं."

माझ्या तोंडात इतक्या शिव्या आल्या, की एकही बाहेर पडेना. वर्षभर मी ती चूक माझ्या डोक्यावर घेऊन फिरले. मुख्याध्यापिकांपुढे मान खाली घालून उभी राहिले. आणि तेव्हाही आकडा सांगणारा हा माणूस शेजारी बसून म्हणत होता, फ्लॅश बेभरवशाचा! मला त्यांना गदगदा हलवायचं होतं. मला त्यांना घट्ट धरायचं होतं. समोरचा मुलगा जीभ काढून बसला होता.

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर मला विचारलं असतंस का, किती म्हणून?"

मी समोरच्या मुलाला जीभ आत घ्यायला लावली. खरं उत्तर "नाही" होतं.

मुख्याध्यापिकांकडे ते स्वतः गेले. एका मोठ्या मुलीने त्यांना दारापर्यंत सोडलं, म्हणजे त्यांनीच तिला म्हटलं, बाळ, ऑफिस दाखव. जिथे ते सत्तावीस वर्षं जाताहेत ते ऑफिस. काय बोलले ते मला सांगितलं नाही. पण मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका सभागृहात आल्या, स्क्रीनवरचे नवे फोटो माझ्या खांद्यावरून बघितले आणि म्हणाल्या, "पहिले दोन वर्ग शेवटच्या तासाला पाठवते. पुढच्या वर्षाचं बोलायला फोटो हातात आल्यावर या. तुम्ही या, एकट्या."

साडेसहाशे पुरे झाले. शिपाई पाव ताकदीवर दिवसभरात एकदाही तापला नाही. स्वस्तात घ्यायचा असेल तर तोच घ्यावा, हे माझं मत सहा तारखेला होतं आणि आजही आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

प्रिंट शाळेत दिले. नाकं सगळ्यांना आहेत. पुढच्या वर्षीचं काम दिलं, आकडा माझा मीच ठरवायचा या अटीवर. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "ठीक." आता या "ठीक"चं काय करू?

चार दिवस आम्ही फक्त भांडतोय. मी म्हणते डॉक्टर, ते म्हणतात कशाला. काल नवऱ्याने मधे पडून सांगितलं, "बाबा, लिफ्टची दोरी झिजली तर मी ती चालतेय तोवर चालू देत नाही. थांबवतो आणि बघतो." त्यावर बाबा त्याला म्हणाले, "बरं." मी गेले वर्षभर बोलले असते तर वर्षभर नाहीच म्हणाले असते.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

काचबिंदूच आहे. दोन्ही डोळ्यांत. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं, डॉक्टरीणबाईंनी अगदी स्पष्ट सांगितलं. किती उरलंय ते बघायला एक यंत्र आहे, त्यापुढे बसवलं.

अर्ध्या गोलासारखं मोठं पांढरं भांडं, त्यात तोंड घालून हनुवटी टेकवायची. मधे एक पिवळा दिवा, नजर त्याच्यावरच ठेवायची. मग आजूबाजूला बारीक बारीक दिवे क्षणभर लागतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं, दाबलं की टक् वाजतं. तपासणारा मुलगा बाजूच्या पडद्यावर बघत बसला होता. मला शेजारी स्टूल दिलं. त्या पडद्यावर मला दिवे कुठे लागताहेत ते दिसत होतं.

बाबांनी सुरुवात जोरात केली. टक्, टक्, टक्. एका लयीत, मान ताठ ठेवून. मला क्षणभर वाटलं, आपण उगीच घाबरलो.

तो मुलगा म्हणाला, "आजोबा, दिवा लागलेला नसतानाही दाबताय."

"दिसतोय मला," बाबा भांड्यातून म्हणाले. टक्. पडद्यावर कुठेच काही लागलं नव्हतं. टक्.

"असं केलं तर उत्तर चुकीचं येईल हो."

टक्. टक्. अंगठा पांढरा पडला होता. शाळेत, स्टुडिओत, वर्षभर ते हेच करत होते, आणि मी शेजारी उभी राहून म्हणत होते, बाबा, किती?

मी पुढे वाकून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बाबा, अंदाजाने नको. दिसला तरच दाबा."

ते थांबले. एक मोठा श्वास घेतला, हनुवटी पुन्हा नीट टेकवली. मुलाने यंत्र पहिल्यापासून सुरू केलं. पडद्यावर डाव्या बाजूला एक दिवा लागला, विझला. मग वर एक. मग उजवीकडे दोन.

बाबांनी दाबलं नाही. ते प्रामाणिकपणे वाट बघत होते, आणि खोलीत बराच वेळ कसलाच आवाज आला नाही.